मूत्रसंस्थेतल्या परक्या वस्तू : प्रस्तावना

युरॉलॉजीच्या जाडजूड ग्रंथांत मूत्रसंस्थेतल्या परक्या वस्तूंच्या वाट्याला फार जागा येत नाही. मुतखडे, प्रोस्टेट, कर्करोग, प्रत्यारोपण हे सगळं झालं की शेवटाकडे कुठेतरी थोडी पानं, त्यांत एखादा चमत्कारिक एक्स-रे, आणि विषय आटोपतो. वैद्यकीय नियतकालिकांतही बहुधा तेच : एक रुग्ण, एक वस्तू, एक छायाचित्र. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्या डॉक्टरांचा समज होतो की हा नवलाईचा मामला आहे, क्वचित कधीतरी समोर येणारा. खरं तर ज्या गावात मुतखड्याच्या शस्त्रक्रिया होतात, घराघरांत वयस्कर माणसांना लघवीची नळी घातलेली असते आणि बाळंतपणानंतर तांबी बसवली जाते, तिथे हा विषय रोजचा आहे. या अभ्यासाकडे वळणाऱ्या प्रत्येकाचं, मग तो युरॉलॉजीचा विद्यार्थी असो, तालुक्याच्या ठिकाणचा फॅमिली डॉक्टर असो की वॉर्डातली सिस्टर, मी मनापासून स्वागत करतो.

मूत्रसंस्थेत सापडणाऱ्या परक्या वस्तूंतल्या पुष्कळशा आम्हा वैद्यकातल्या लोकांच्या हातूनच आत गेलेल्या असतात. मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट, कॅथेटरच्या फुग्याचा तुकडा, न विरघळणारा टाका, जाळी, क्लिप. दुसरा मोठा गट रुग्णाने स्वतः आत घातलेल्या वस्तूंचा. गोळी लागून किंवा अपघातात शरीरात शिरलेल्या, शेजारच्या अवयवातून सरकत आलेल्या वस्तू त्या मानाने थोड्या. पहिल्या गटात आम्ही विसरतो, दुसऱ्या गटात रुग्ण बोलत नाही. वस्तू काढण्याची तंत्रं आता खूप पुढे गेली आहेत. तरी किडन्या निकामी होतात, मूत्रमार्ग आक्रसतात, माणसं जंतुसंसर्गाने दगावतात, याचं मूळ बहुतेक वेळा या विसरण्यात आणि न बोलण्यात असतं. या विषयाची तयारी म्हणूनच दुर्बिणीच्या आधी नोंदवहीपासून आणि प्रश्न विचारण्याच्या पद्धतीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी न बोलण्याविषयी. १७८२च्या सुमाराची लखनौमधली एक हकीकत प्रत्येक निवासी डॉक्टरला माहीत असायला हवी. क्लॉड मार्टिन हा जन्माने फ्रेंच, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी. लखनौ आणि कोलकात्याच्या ला मार्टिनिअर शाळा पुढे त्याच्याच मृत्युपत्रातून उभ्या राहिल्या. त्याला मूत्राशयात खडा झाला. त्या काळात खड्याची शस्त्रक्रिया म्हणजे भूल न देता, चारजणांनी दाबून धरलेल्या माणसाच्या दोन मांड्यांमधून मूत्राशयापर्यंत चीर देणं. मार्टिनने दुसरी वाट धरली. विणकामाच्या सुईसारखी एक पोलादी तार घेऊन त्याने तिला कानशीसारखे दाते पाडले, ती मूत्रमार्गातून आत घातली आणि स्वतःच्या हाताने कित्येक महिने खडा घासत राहिला. कण लघवीवाटे पडत गेले आणि त्याला आराम पडला. मूत्रमार्गातूनच खडा फोडण्याचं काम पॅरिसमध्ये झाँ सिव्हिआलने करून दाखवलं ते १८२४ साली, म्हणजे चाळीसेक वर्षांनी.

आज हाच माणूस रात्री दोन वाजता अपघात विभागात आला आणि तार तुटून आत राहिली असेल, तर केसपेपरवर काय लिहिलं जाईल आणि ड्यूटी रूममध्ये काय बोललं जाईल, याचा विचार करावा. स्वतः वस्तू घालण्यामागे लैंगिक कुतूहल असतं, मानसिक आजार असतो, दारूची नशा असते, हे खरं. पण लघवी तुंबलेल्या म्हाताऱ्याने काडीने वाट मोकळी करायचा प्रयत्न केलेला असतो, कुणाला तिथली खाज असह्य झालेली असते. कारण कुठलंही असो, रुग्ण येतो तो मात्र ‘लघवीला जळजळ होते’ किंवा ‘थेंब थेंब रक्त जातं’ एवढंच सांगत. लघवीची तपासणी होते, पू-पेशी सापडतात, प्रतिजैविकं दिली जातात. पाच दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. असे महिने जातात, कधी वर्षंही.

विचारायचं कसं, यावर या पुस्तकातलं दुसरं प्रकरण आहे. ते तंत्राच्या प्रकरणांइतकंच सावकाश वाचावं. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आईबरोबर आला असेल तर ‘आई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का? मी याला तपासतो,’ हे वाक्य पहिलं. मग मुलाकडे रोखून न बघता, हाताने दुसरं काही काम करत : ‘लघवीच्या जागेतून काही आत गेलंय का रे? वायर, रिफिल, मणी, काही? अशी बरीच मुलं येतात आमच्याकडे. काय गेलंय ते कळलं की काढणं सोपं होतं.’ म्हाताऱ्या माणसाला हेच ‘काका, लघवी मोकळी व्हावी म्हणून काही घालून बघितलं होतंत का?’ असं विचारता येतं. प्रश्नातच एखादं सन्मानाने देता येण्यासारखं उत्तर ठेवलं, की माणूस बोलतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं तेही शिक्षा वाटू नये अशा बेताने, वस्तू निघाल्यावर, शांतपणे. लहान मुलामुलींच्या बाबतीत मात्र नुसत्या कुतूहलावर थांबता येत नाही. लैंगिक अत्याचाराची शक्यता तपासलीच पाहिजे, आणि तसा संशय असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

इथेच एक गोष्ट स्पष्ट लिहितो. असे एक्स-रे आणि काढलेल्या वस्तूंचे फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, खाली हसण्याची चिन्हं येतात. नाव झाकलेलं असलं तरी ते गैरच आहे. गाव लहान असतं, माणसं ओळखतात, आणि पुढचा रुग्ण दवाखान्याची पायरी चढायचं टाळतो. त्याची वस्तू आणखी वर्षभर आत राहते, आणि त्या वर्षात तिच्यावर खडा चढतो.

वस्तूवर खडा कसा चढतो, हे समजून घेतल्याशिवाय या क्षेत्रातले निर्णय कळत नाहीत. मूत्रात कॅल्शियम, फॉस्फेट, ऑक्झलेट असे क्षार दाटीने विरघळलेले असतात. आत एखादा पृष्ठभाग मिळाला की त्यावर आधी प्रथिनांचा पातळ थर बसतो, मग जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात. या आवरणाच्या आत प्रतिजैविक नीट पोहोचत नाही. औषधाने ताप उतरतो पण जंतू तिथेच राहतात, त्याचं कारण हे. प्रोटियससारखे जंतू युरिएज नावाच्या विकराने युरियाचं विघटन करतात, अमोनिया तयार होतो, मूत्र अल्कधर्मी होतं आणि मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट व कॅल्शियम फॉस्फेटचे थर भराभर साचतात. मधोमध रेशमी टाका आणि त्याच्याभोवती लिंबाएवढा खडा, असं चित्र मूत्राशय उघडल्यावर दिसतं तेव्हा हे सगळं रसायनशास्त्र एका नजरेत कळतं. सिलिकॉनवर थर तुलनेने सावकाश चढतो, लॅटेक्सवर लवकर. गरोदरपणी मूत्रातलं कॅल्शियम वाढलेलं असल्यामुळे स्टेंटवर थर फारच लवकर धरतो; म्हणून गरोदर स्त्रीचा स्टेंट चार ते सहा आठवड्यांनी बदलण्याचा प्रघात आहे.

आता विसरण्याविषयी, म्हणजेच स्टेंटविषयी. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्यालाच दिला आहे. दोन्ही टोकांना वेटोळं असलेला, किडनीत आणि मूत्राशयात अडकून राहणारा ‘डबल जे’ स्टेंट रॉय फिनी यांनी १९७८ साली मांडला. त्याआधीच्या सरळ नळ्या खाली घसरायच्या किंवा वर सरकायच्या. वेटोळ्याने तो प्रश्न सुटला, आणि खड्याच्या शस्त्रक्रियेनंतर किडनीचा निचरा चालू ठेवायला जगभर हा स्टेंट वापरला जाऊ लागला. त्याने असंख्य किडन्या वाचवल्या आहेत यात शंका नाही. पण तो तात्पुरता असतो. १९९१ साली सौदी अरेबियातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खड्याच्या रुग्णांमधले पॉलियुरेथेनचे स्टेंट तपासले गेले. सहा आठवड्यांच्या आत काढलेल्यांपैकी ९.२ टक्क्यांवर क्षारांचा थर होता, सहा ते बारा आठवड्यांत काढलेल्यांत हे प्रमाण ४७.५ टक्के झालं, आणि बारा आठवड्यांनंतर ७६.३ टक्के. हे तीन आकडे पाठ असावेत.

स्टेंट विसरला जातो कसा? शस्त्रक्रिया शहरात झालेली असते, रुग्ण असतो दूरच्या गावचा. खडा निघाला, दुखणं थांबलं, आता सगळं झालं असं त्याला वाटतं. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचा उल्लेख असतो, पण इंग्रजीत, एका ओळीत, औषधांच्या यादीखाली. ‘आत नळी ठेवली आहे, महिन्याने काढायला या’ असं कुणी सांगितलेलंही असतं, पण ते भुलीतून बाहेर येताना किंवा बिल भरायच्या गडबडीत. पेरणी येते, लग्न येतं, पैसे नसतात. काहींना लघवीची घाई, पाठीत कळ, लाल लघवी असा त्रास होतो आणि तो ‘ऑपरेशननंतर असं होतंच’ म्हणून सोसला जातो. काहींना काहीच होत नाही, आणि तेच अधिक धोक्याचं. वर्षांनी ताप आला किंवा क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, की साध्या एक्स-रेवर दिसतो तो स्टेंट : वरचं वेटोळं खडूसारखं जाड, मधला भाग कधी तुटून दोन तुकडे झालेला, आणि मूत्राशयातलं वेटोळं एका गोल खड्याच्या पोटात बुडालेलं.

असा स्टेंट दिसला की पहिला नियम : ओढायचा नाही. आधी लघवीचं कल्चर, त्याप्रमाणे प्रतिजैविकं, क्रिएटिनिन, आणि शिरेतून रंगद्रव्य न देता काढलेला सीटी स्कॅन. दोन्ही किडन्या किती काम करतात हे आयसोटोप स्कॅनने पाहावं. मृत किडनीतला स्टेंट काढायला रुग्णाला तीन शस्त्रक्रियांतून नेण्यात अर्थ नसतो. थर हलका वाटला तर पडद्यावर एक्स-रे पाहत स्टेंट अलगद खाली ओढावा. वरचं वेटोळं उलगडलं तर पुढे जावं. उलगडलं नाही, तर तिथेच थांबावं. जोर लावला तर स्टेंट तुटतो, किंवा मूत्रवाहिनीच ओढून निघते, आणि एका मिनिटाच्या घाईची किंमत रुग्ण जन्मभर मोजतो. थर जाड असेल तर क्रम साधारण खालून वर : आधी मूत्राशयातला खडा फोडायचा, मग मूत्रवाहिनीतून दुर्बीण नेऊन लेझरने स्टेंटभोवतीचा थर सोडवायचा, आणि किडनीतलं वेटोळं तरीही सुटत नसेल तर पाठीतून छिद्र घेऊन वरून उतरायचं. हे सगळं एकाच वेळी करण्याचा हट्ट नसावा. जंतूंनी भरलेले थर फोडले की ते रक्तात शिरतात, आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेत हा धोका वाढत जातो.

फोलीच्या कॅथेटरचा फुगा रिकामा होत नाही, ही तक्रार तर कोणत्याही डॉक्टरपुढे येईल. रविवारी संध्याकाळी, नळी बदलायला आलेल्या सिस्टरचा फोन येतो. आधी सिरिंज बदलून, सावकाश पाणी ओढून पाहावं. जोराने ओढलं तर आतली बारीक वाट चिकटून बंद होते. नाहीच आलं तर नळी बाहेरच्या बाजूला घट्ट धरून झडपेचा भाग कापावा. दोष झडपेत असेल तर पाणी आपोआप येतं. तेही झालं नाही तर फुग्याच्या वाटेतून बारीक गाइडवायर सारावी. शेवटचा उपाय म्हणजे सोनोग्राफीत पाहत ओटीपोटातून बारीक सुईने फुगा टोचणं. जास्त पाणी भरून फुगा फोडण्याची जुनी युक्ती कायमची सोडून द्यावी, कारण फुटलेल्या रबराचे तुकडे आत राहतात आणि प्रत्येक तुकड्याभोवती खडा धरू शकतो. फुगा कसाही फुटला असला तरी बाहेर आलेली नळी ट्रेवर ठेवून फुग्याच्या कडा जुळवून पाहाव्यात. एक कोपरा जरी कमी असला तरी दुर्बीण घालून मूत्राशय पाहायचं. आणि मुळात फुगा भरताना सलाइन न वापरता निर्जंतुक पाणी वापरायचं, म्हणजे क्षार साचून ती वाट बंद व्हायचा प्रश्न कमी होतो.

तांबीचं प्रकरण स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर बसून वाचावं. तांबी बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचं प्रमाण हजारात एक-दोन इतकंच आहे, आणि गर्भनिरोधनाची ती एक चांगली, सुरक्षित पद्धत आहे. बाळ अंगावर पीत असताना बसवली तर हा धोका वाढतो, एवढं लक्षात असावं. अडचण येते ती दोरा दिसेनासा झाल्यावर. ‘पडून गेली असेल’ असं बाईला सांगितलं जातं, कधी दुसरी तांबीही बसवली जाते. पडताना प्रत्यक्ष कुणी पाहिली नसेल तर ती आत आहे असंच धरून चालावं : आधी सोनोग्राफी, गर्भाशयात सापडली नाही तर पोटाचा आणि ओटीपोटाचा एक्स-रे. तांबीच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम सल्फेट असल्याने ती ठळक उमटते. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या बाईला तांबीबद्दल कुणीच विचारलेलं नसतं, आणि मूत्राशयातल्या खड्याच्या मधोमध इंग्रजी टी अक्षराची सावली दिसते, तेव्हा निदान एका सेकंदात होतं. त्याआधीची वर्षं मात्र तिने सोसलेली असतात.

तपासण्यांबद्दल दोन-तीन सूचना पुरेत. एक्स-रेवर धातू दिसतो. लाकूड, मेण आणि पुष्कळसं प्लॅस्टिक दिसत नाही, म्हणून स्वच्छ फिल्मवर विसंबू नये. मूत्राशय भरलेलं ठेवून सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन करावा. पोटाचा नेहमीचा एक्स-रे बऱ्याचदा जघनास्थीच्या कडेशी संपतो, आणि मूत्रमार्गात अडकलेली वस्तू फिल्मच्या खाली राहून जाते. रेडिओग्राफरला ‘खालपर्यंत पूर्ण घ्या’ असं लिहून द्यावं. वस्तू बटणाच्या आकाराची बॅटरी असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, कारण तिच्यातून सुरू होणारी अल्कधर्मी जळजळ काही तासांतच पेशी मारते. चुंबकाचे मणीही तसेच घातक : ते एकमेकांना चिकटताना मधलं अस्तर चिमटीत धरतात.

या साधनांचं मोल कळायला थोडं मागे पाहावं. सुश्रुताने अश्मरीची शस्त्रक्रिया सविस्तर वर्णिली, पण मूत्राशयाच्या आत नीट पाहणं जमलं ते १८७७ साली, मॅक्स निट्झेच्या दुर्बिणीने. रोंटगेनची किरणं १८९५ची. त्याआधी वैद्य धातूची सळई आत घालून कान देत; खड्याला लागली की बारीक टक् असा आवाज येई, आणि मऊ वस्तू असेल तर तोही नाही. आल्फ्रेड पूले या फ्रेंच शल्यविशारदाने १८७९ साली शरीरातल्या परक्या वस्तूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो याच काळात.

वस्तू निघाल्यावरही काम संपत नाही. मूत्रमार्गाला झालेली इजा काही महिन्यांनी आक्रसण्याच्या रूपाने वर येते. लघवीची धार बारीक झाली का, हे विचारायला रुग्णाला पुन्हा बोलवावं. जाळीची कथा याहून लांब आहे. योनिमार्गातून अवयव उचलून धरण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. तरी आधी बसवलेल्या जाळ्या शरीरांत आहेतच, आणि त्यांतल्या काही मूत्राशयाच्या भिंतीतून आत शिरतात. अशा स्त्रियांची तक्रार फार काळ मनाचा खेळ म्हणून उडवून लावली गेली. त्यांचं म्हणणं जाळीवरच्या प्रकरणात पूर्ण दिलं आहे.

नव्या संशोधनालाही इथे खूप वाव आहे. आपोआप विरघळणारे स्टेंट, टोकाला चुंबक लावलेले आणि दुर्बिणीशिवाय काढता येणारे स्टेंट, थर धरू न देणारे लेप, यांवर काम चालू आहे. यातलं काय तालुक्याच्या रुग्णालयात परवडेल आणि टिकेल, हे तपासायला आपल्याकडचेच तरुण डॉक्टर हवेत.

तोवर एक साधं काम आज करण्यासारखं आहे. पुस्तकाच्या शेवटी स्टेंट नोंदवहीचा आणि रुग्णाच्या कार्डाचा मराठी नमुना जोडला आहे. दोन्हींची नक्कल मोकळेपणाने करावी. नोंदवहीत स्टेंट घातल्याची तारीख, बाजू, काढायची तारीख, रुग्णाचा फोन आणि घरातल्या आणखी एका माणसाचा फोन. दर सोमवारी सिस्टरने ती उघडायची आणि ज्यांची तारीख उलटली त्यांना फोन करायचा. कार्ड आधारकार्डाएवढं, पाकिटात मावेल असं, त्यावर मोठ्या अक्षरात : ‘तुमच्या डाव्या / उजव्या किडनीत प्लॅस्टिकची नळी ठेवलेली आहे. ती अमुक तारखेच्या आत काढलीच पाहिजे. दुखत नसलं तरी काढायची. इथे येणं जमलं नाही तर जवळच्या युरॉलॉजिस्टकडे जा आणि हे कार्ड दाखवा.’ वाचता न येणाऱ्यांसाठी कार्डाच्या मागे किडनी, मूत्राशय आणि नळीचं चित्र आहे. डिस्चार्जच्या वेळी त्या चित्रावर बोट ठेवून नळी कुठे आहे आणि कधी काढायची, हे रुग्णाकडूनच एकदा वदवून घ्यावं.